मागेल त्याला काम : काही आक्षेपांना उत्तर

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले, की बेकारीच्या प्रश्नावर अधिकारवाणीने बोलणाऱ्या मंडळींकडून एक युक्तिवाद हटकून ऐकू येतो. लोकांना काम पुरवणे हे सरकारचे कामच नव्हे. काम उद्योगधंदे निर्माण करतात, सरकारने फार तर त्यांच्या वाटेतले अडथळे दूर करावेत आणि त्यांना सवलती द्याव्यात. रोजगार हमी योजनेसारखे उपक्रम म्हणजे आज खड्डे खणायचे आणि उद्या ते बुजवायचे. त्यातला निम्मा पैसा बोगस हजेरीत मुरतो, उरलेल्या निम्म्याने मजूर आळशी होतो, आणि शेतकऱ्याला ऐन सुगीत माणूस मिळेनासा होतो, असा हा चौफेर आक्षेप आहे. तो घेणारे सगळेच स्वार्थी किंवा अप्रामाणिक असतात असे आम्ही मानत नाही. त्यांतील कित्येकांनी आयुष्यभर कष्ट करून आपला संसार उभा केलेला असतो, आणि करदात्याचा पैसा वाया जाऊ नये ही त्यांची तळमळ खरी असते. परंतु तळमळ खरी असली म्हणून अनुमान खरे ठरत नाही. आणि ज्या राज्याने काम मागण्याचा हक्क कायद्यात लिहून ठेवण्याचे धाडस देशात सर्वांआधी केले, त्याच राज्यात त्या हक्काविषयीचे इतके अज्ञान प्रतिष्ठित होऊन बसावे, ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते.

ही योजना कोणा मुत्सद्द्याला मतांच्या हिशेबात एका रात्रीत सुचली, असे मानणाऱ्यांनी थोडे मागे जाऊन पाहावे. १८७६-७७ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरची मजुरी जेव्हा हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या सांगण्यावरून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा इतकी खाली आणण्यात आली, तेव्हा अर्धपोटी मजुरांनी कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारदरबारी अर्जांवर अर्ज केले. त्या काळापासून पुढे फॅमिन कोड आले, दुष्काळी कामांची पद्धत बसली, हे खरे. पण त्या साऱ्या व्यवस्थेचा पाया असा होता, की गावाची आणेवारी कमी आली, वरून दुष्काळ जाहीर झाला, हुकूम सुटला, तरच काम निघायचे. मजुराची भूक मोजण्याचे माप तहसीलदाराच्या दप्तरात होते. ज्या वर्षी पीक बरे आले त्या वर्षीही भूमिहीनाच्या घरात माघ-फाल्गुनानंतर चूल पेटण्याची भ्रांत असते, या वस्तुस्थितीला त्या दप्तरात रकानाच नव्हता.

विधानपरिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी नेमका हा पाया उलटा केला. तासगाव तालुक्यातील विसापुरात १९६५ साली त्यांनी जो लहानसा प्रयोग करवून घेतला, त्यात सरकारने गरज ठरवायची आणि मजुराने वाट पाहायची ही वहिवाट मोडून, मजुराने मागायचे आणि सरकारने द्यायचे, असा क्रम लावला गेला. १९७२ च्या भयंकर अवर्षणाने त्या विचाराची गरज साऱ्या महाराष्ट्रासमोर उघडी पाडली. १९७२-७३ साली राज्यातले धान्योत्पादन जेमतेम निम्म्यावर आले होते, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत गेली होती. तरीही एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत माणसे जशी हजारांनी आणि लाखांनी मेली, तशी ती या वेळी मेली नाहीत. सुकडी खाऊन आणि खडी फोडून महाराष्ट्र जगला. त्या अनुभवानंतर १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात काम मिळवण्याचा हक्क राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत मान्य केलेला असला, तरी तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे कोर्टात दाद मागण्याजोगा नव्हता. महाराष्ट्राने निदान ग्रामीण भागातील अंगमेहनतीच्या कामापुरते त्याला कायद्याचे बळ दिले. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, आणि काम देता न आल्यास बेकारभत्ता, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. २००५ साली संसदेने जो राष्ट्रीय कायदा केला, त्याला मुख्य आधार महाराष्ट्राच्या या अनुभवाचाच होता.

आता पहिला आक्षेप घेऊ. कामे निरुपयोगी असतात, खड्डे खणणे म्हणजे संपत्ती निर्माण करणे नव्हे, असे म्हटले जाते. आम्ही विचारतो, कोणते खड्डे? डोंगरउतारावर समतल चर खणले, तर पावसाचे पाणी माती घेऊन धावत सुटण्याऐवजी जागीच जिरते. नाल्यावर मातीचा बांध घातला, तर खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाझर राहतो. पाझर तलाव, शेतांची बांधबंदिस्ती, ही कामे या कोरडवाहू प्रदेशाला किती आवश्यक आहेत हे ज्याला उमगत नाही, त्याने अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहावे, जिथे पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने मृद्‌संधारणाच्या कामांसाठी रोजगार हमीचाच पैसा वापरला आणि ज्या गावातून माणसे मजुरीसाठी बाहेर जात होती तिथे ती परत येऊ लागली. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली, आणि आज ज्या डाळिंब-आंब्याच्या बागांकडे बोट दाखवून महाराष्ट्राच्या उद्यमशीलतेचे गुणगान होते, त्यांतील कितीतरी बागांचे पहिले खड्डे याच योजनेच्या मजुरीतून खणले गेले आहेत. त्या खड्ड्यांची कोणी हेटाळणी करत नाही.

वाया गेलेली कामेही आहेत, आणि ती लपवण्याचे आम्हाला कारण नाही. मुरूम न टाकता नुसत्या मातीचे रस्ते केले आणि ते पहिल्याच मृगात वाहून गेले. पाझर तलावाची जागा पाण्याकडे न पाहता पुढाऱ्याच्या शेताकडे पाहून ठरली. झाडे लावली आणि राखणीची तजवीज केली नाही. पण हा दोष कोणाचा? मजुराला जिथे सांगितले तिथे त्याने खोदले. दिवसभर खोदून झाल्यावर त्याच्या खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली फुटपट्टीने मोजली जाते, मोजणीसाठी मधे ठेवलेला मातीचा उंचवटा पाहून किती उपसा झाला ते ठरते, आणि त्या मापावर त्याची मजुरी निघते. कठीण मुरूम लागला आणि माप कमी भरले, तर पैसेही कमी. आमच्या शिक्षित वर्गातील किती जणांचा पगार रोज संध्याकाळी असा फुटपट्टीने मोजला जातो? जागा चुकीची निवडणारा, कामांचा आराखडा वेळेवर तयार न ठेवणारा, तांत्रिक मंजुरी महिनोन् महिने अडवून धरणारा माणूस या मापातून सुटतो, आणि निरुपयोगीपणाचा शिक्का मात्र टोपली वाहणाऱ्या बाईच्या माथी बसतो. हा न्याय आम्हाला मान्य नाही.

भ्रष्टाचाराच्या आक्षेपाचे उत्तर याहून थोडक्यात देता येईल. बोगस मस्टरे भरली गेली आहेत, मेलेल्या माणसांच्या नावे हजेऱ्या लागल्या आहेत, यंत्राने काम उरकून मजुरांचे अंगठे घेतले गेले आहेत. या सगळ्याची चौकशी झाली पाहिजे आणि शिक्षाही झाल्या पाहिजेत. परंतु ही लबाडी उघडकीस येते ती मुळात मस्टर नावाचा कागद असतो म्हणून, त्यावर नावे असतात म्हणून, आणि ती नावे गावात वाचून दाखवली तर कोण खरे आणि कोण खोटे हे चावडीवरच्या कोणत्याही म्हाताऱ्याला सांगता येते म्हणून. उद्योगांना ज्या सवलती दिल्या जातात, त्यांतून खरोखर किती माणसे कामाला लागली याचे मस्टर कोणत्या चावडीवर वाचले जाते?

भ्रष्टाचाराचा खरा उगम कुठे आहे हे पाहायचे असेल, तर मस्टराच्याही आधीच्या एका कागदाकडे लक्ष द्यावे लागेल. काम मागणाऱ्याने नमुना ४ भरून द्यायचा आणि त्याला नमुना ५ मध्ये तारखेसह पोच मिळायची, अशी रीत आहे. आता मराठवाड्यातील एखाद्या ग्रामपंचायतीत काय घडते ते पाहा. चार-पाच बायका अर्ज घेऊन येतात. ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार, तो आठवड्यातून एखाद्या वारी भेटतो. तो अर्ज घेतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, “मावशी, ठेवून जा, काम निघालं की निरोप धाडतो.” पोच मागितली तर, “पोच कशाला पाहिजे, माझ्यावर विश्वास नाही का?” असा प्रश्न येतो, आणि गावात राहायचे असलेल्या बाईला त्यापुढे काही बोलता येत नाही. एवढ्या एका वाक्याने कायदा निकालात निघतो. तारखेची पोच नाही म्हणजे १५ दिवस कधी सुरू झाले याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे बेकारभत्ता नाही, आणि भत्त्याची धास्ती नाही म्हणजे काम काढण्याची घाईही नाही. पुढे वर्षअखेरीस अहवालात लिहिले जाते, की या भागात कामाला मागणीच नव्हती. आमचे आक्षेपक याच अहवालाचा हवाला देऊन योजना कालबाह्य झाल्याचे सिद्ध करतात. जी मागणी नोंदवूनच घेतली नाही तिच्या अभावावरून निष्कर्ष काढणे, हा तर्कशास्त्रातील दोष आहे आणि राज्यकारभारातील अपराध आहे.

असे घडण्यामागे एक जुने कारणही आहे. १९८८ साली किमान वेतनाचे दर वाढले आणि त्यांबरोबर रोजगार हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. मजुरी वाढली तर मागणारे वाढायला हवेत; प्रत्यक्षात कामावरील हजेरीत मोठी घट झाली. या घटनेचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांचा निष्कर्ष असा, की खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी शासनयंत्रणेने कामेच कमी काढली. म्हणजे हमी कागदावर राहिली आणि तिची जागा कामाच्या शिधावाटपाने घेतली. योजनेचा ऱ्हास सांगताना हे वर्ष ज्याला आठवत नाही, त्याने तिच्या अपयशाविषयी लिहू नये.

उद्योगांच्या सवलतींचा उल्लेख वर आला आहे, तो नीट तपासला पाहिजे. आम्ही उद्योगांचे विरोधक नाही. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६४ पासून मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली, आणि या प्रयत्नांतून नाशिकला, तेव्हाच्या औरंगाबादला, कोल्हापुरात कारखाने उभे राहिले, त्यांनी हजारो घरांचे भाग्य पालटले, हे कोण नाकारील? परंतु या सवलतींचा मोठा हिस्सा आरंभापासून भांडवली गुंतवणुकीच्या प्रमाणात मोजला जात आला आहे. २०२० साली केंद्राने जाहीर केलेली, पुढे सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांपर्यंत गेलेली उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनाही विक्रीतील वाढीवर पैसा देते. यंत्र घेतल्याबद्दल किंवा माल जास्त विकल्याबद्दल ज्या सरकारी पैशातून बक्षीस मिळते, त्या पैशाने माणूस कामावर घेण्याची प्रेरणा कितीशी वाढणार? भांडवल स्वस्त केले, की मालक साहजिकच माणसाऐवजी यंत्र पसंत करतो. त्यात त्याचा दोष नाही, धोरणाचा आहे. आणि एवढे करूनही त्या कारखान्याच्या फाटकावर पाटोदा किंवा जत तालुक्यातील पंचेचाळिशीची निरक्षर बाई उभी राहिली, तर तिला आत घेणारा कोणीही नाही. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सापडले, त्यांतले असंख्य लोक पुन्हा कधीच गिरणीत परतले नाहीत आणि कोकणातल्या व घाटावरच्या गावी जाऊन बसले. संघटित, कुशल, पिढीजात कामगारांची जिथे ही गत, तिथे उद्योग आपोआप सगळ्यांना सामावून घेतील हे आश्वासन कोणाच्या भरवशावर द्यायचे? सुशिक्षित बेकारांचा प्रश्न निराळा आहे, त्याला रोजगार हमी हे उत्तर नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. त्यासाठी उद्योगच हवेत, शिक्षण सुधारायला हवे, रिकामी सरकारी पदे भरायला हवीत. पण एका बेकाराचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही म्हणून ते ओतून द्यायचे नसते.

खर्चाविषयी एक शब्द. नोकरदार वाचकाच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपयांची, फेब्रुवारीत ३०० रुपयांची, म्हणजे वर्षाला अडीच हजारांची जी व्यवसाय कराची नोंद असते, तो कर १९७५ साली या योजनेच्या पायाभरणीसाठीच बसवण्यात आला, आणि तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. शहराने खेड्यातील भूमिहीनाच्या हक्काचा भार उचलावा, अशी ती जाणीवपूर्वक केलेली रचना होती. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याची चिकित्सा करून सार्वजनिक कामांच्या व्यापक कार्यक्रमाचा जो आग्रह धरला होता, त्याची आर्थिक तरतूद महाराष्ट्राने अशी करून दाखवली. या पैशाविषयी ज्याला कळकळ आहे त्याने तो खर्च का होतो असे विचारण्याआधी, तो ज्या कारणासाठी गोळा झाला त्याच कारणासाठी दरवर्षी पुरता खर्च होतो का, हे विधिमंडळाला विचारावे.

शेवटचा आणि आमच्या मते खरा आक्षेप हा, की या योजनेमुळे मजूर महाग होतो आणि शेतीच्या कामाला माणसे मिळत नाहीत. बाकीचे आक्षेप पुष्कळदा याचाच पेहराव असतात. लहान शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. ज्याच्या मालाला भाव नाही तो मजुरी कोठून वाढवणार? पण त्याचे उत्तर मालाच्या भावात शोधले पाहिजे, मजुराच्या लाचारीत नव्हे, आणि तो लहान शेतकरी स्वतःच वर्षातले काही महिने मजुरीला जातो, हेही विसरता येणार नाही. मजूर महाग होतो म्हणजे तो नाही म्हणू शकतो. रोजगार हमीने पहिल्यांदा स्त्री आणि पुरुष यांना एकाच मापाला एकच दर दिला, आणि ज्या गावात बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी देण्याची रूढी होती, तिथल्या बांधावर त्या दराचा उच्चार होऊ लागला. हा परिणाम योजनेचा दोष म्हणून सांगितला जातो. आम्ही त्याला तिचे सर्वांत मोठे यश म्हणतो.

नाही म्हणता येणे किती मोलाचे आहे, हे ऊसतोडीइतके दुसरीकडे कोठेही स्पष्ट दिसत नाही. बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगावकडून दरवर्षी दसऱ्यानंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याला मुकादमाकडून आगाऊ रकमेची उचल मिळते, आणि ती उचल टनांच्या हिशेबात फिटेपर्यंत ते जोडपे कारखान्याजवळच्या कोपीत राहून, पहाटे थंडीत मोळ्या बांधून, रात्री-अपरात्री गाडी भरून देऊन ती फेडत राहते. आजारपणात एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. खाड्याच्या भीतीने बाई गर्भारपणातही मोळी डोक्यावर घेते, आणि पाळीच्या त्रासाने कामात खंड नको म्हणून तिशीतल्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्याच्या बातम्या २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने वाचल्या. मुले एकतर म्हाताऱ्या आजीपाशी गावात राहतात किंवा शाळा सोडून फडावर जातात. हे लोक उद्योगाने दिलेल्या रोजगारावरच आहेत. सरकारने उद्योगांना मोकळे सोडावे, रोजगार आपोआप होईल, या सिद्धांताची ही पन्नास वर्षांची प्रत्यक्ष हकीकत आहे. हिशेबाअंती उचल अंगावर राहिली, तर पुढच्या वर्षीचा कोयता आधीच विकला गेलेला असतो.

ऊसतोड मजुरांना ही उचल नाकारता यावी म्हणून गावातच काम मिळाले पाहिजे, इतके तरी आमच्या आक्षेपकांनी मान्य करावे. पण ते केव्हा मिळाले पाहिजे, याचा विचार शासनाने आजवर पुरेसा केलेला नाही. रोजगार हमीची मातीकामे बहुतांशी उन्हाळ्यात निघतात, कारण दुष्काळी कामांपासून चालत आलेली ती वहिवाट आहे. आणि मुकादम गावात येतो तो पावसाळ्यात. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपलेले, पेरणीचे आणि शाळेचे पैसे द्यायचे, भाऊबंदात लग्नाची देणी राहिलेली, अशा वेळी तो नोटा मोजून ठेवतो आणि कागदावर अंगठा घेतो. चैत्रात निघणाऱ्या कामाचा त्या घराला काय उपयोग? तेव्हा ते घर फडावरून नुकते परतलेले असते. पावसाळ्यात मातीकाम होत नाही, हा अभियंत्यांचा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे. परंतु रोपवाटिका, वृक्षलागवड आणि तिची राखण, डोंगरातले दगडी बांध, फळबागांची लागवड, घरकुलांची कामे पावसाळ्यातही होतात आणि ती सारी योजनेच्या यादीत आहेत. बीड, अहिल्यानगर आणि जालन्याच्या ज्या गावांतून कोयते जातात त्यांची नावे साखर कारखान्यांना, मुकादमांना आणि तहसीलदारांना सारखीच माहीत आहेत. त्या गावांत ज्येष्ठ संपण्यापूर्वी अर्ज घेऊन हातात तारखेची पोच द्यावी, आषाढात काम काढावे आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला चुकती करावी, म्हणजे मुकादम नोटा मोजू लागेल तेव्हा त्या घरात निदान आठवड्याची मजुरी आलेली असेल.